चार्जिंगचे पेन्सिल सेल वर्षभरातच का बसतात?

प्रश्न थोडक्यात असा: मुलाच्या रिमोटच्या गाडीसाठी चार्जिंगचे चार पेन्सिल सेल आणि त्यांच्यासोबत पाकिटात आलेला चार्जर घेतला. सुरुवातीचे काही महिने मस्त चालले. आता रात्रभर लावून ठेवले तरी गाडी दहा मिनिटांत मंदावते. सेल पूर्ण उतरवून मगच चार्ज करायचे असतात का? किती तास लावायचे? आणि आता नवे सेल घ्यावेत, की हा नादच सोडावा?

नाद सोडू नका. नवे सेलही इतक्यात घेऊ नका. आधी तो चार्जर बाजूला काढा, कारण बहुतेक तोच गुन्हेगार आहे.

मी नाटकं, कीर्तनं, ऑर्केस्ट्रा यांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. कॉर्डलेस माइकच्या कमरेला लावायच्या डबीत दोन पेन्सिल सेल बसतात. बुवा ऐन रंगात आले असताना माइक गेला, तर दोष सेलचा होता हे कुणी ऐकून घेत नाही. त्यामुळे सेल कसे टिकतात आणि कसे मरतात याकडे आमच्या धंद्यात जरा जास्तच लक्ष असतं. त्यातून माझं मत असं झालंय की चार्जिंगचे सेल वापरून फारसे मरत नाहीत. ते चार्जरमध्ये मरतात, नाहीतर चालू राहिलेल्या खेळण्यात मरतात.

तुमच्याकडचे सेल निकेल-मेटल हायड्राइड जातीचे असणार. बाजारात ‘चार्जिंगचे सेल’ म्हणून मिळणारे बहुतेक पेन्सिल सेल याच जातीचे असतात. सेलवर बारीक अक्षरात १.२ व्होल्ट असं लिहिलेलं दिसेल. असा सेल चार्ज होत असताना सुरुवातीला आत जाणारी जवळजवळ सगळी वीज साठवली जाते आणि सेल फारसा तापत नाही. तो भरत आला की आतल्या धन पट्टीवर ऑक्सिजन सुटायला लागतो. तो ऋण पट्टीकडे जाऊन पुन्हा जिरतो, आणि आता आत येणाऱ्या विजेची उष्णता होते. म्हणजे सेल पूर्ण भरल्याची खूण म्हणजे त्याचं तापणं. चांगला चार्जर ही खूण ओळखून थांबतो. सेलसोबत फुकट मिळणाऱ्या चार्जरला बहुधा ती ओळखताच येत नाही. त्याचा लाल दिवा लावल्यापासून काढेपर्यंत लालच असतो.

मग होतं असं की भरलेला सेल तासन्‌तास तापत राहतो. आतला द्रव हळूहळू कमी होतो, पट्ट्यांमधला कापडासारखा थर कोरडा पडतो आणि सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला होणारा आतला अडथळा, वाढतो. असा सेल मीटरला लावला तर व्होल्ट ठीक दाखवतो. घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये घातला तरी चालतो, कारण तिथे करंट अगदी थोडा लागतो. गाडीच्या मोटरने जोराचा करंट मागितला की मात्र त्याचे व्होल्ट धाडकन खाली येतात. तुमची गाडी दहा मिनिटांत मंदावते ती बहुधा यामुळेच. सेलमध्ये वीज आहे, पण ती हवी तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही.

सोबतच्या चार्जरमध्ये आणखी एक खोड असते. त्यात सेल दोन किंवा चारच लावावे लागतात, एक किंवा तीन लावले तर दिवाच लागत नाही. याचा अर्थ दोन-दोन सेल एकामागे एक जोडून चार्ज होतात. त्यातला एक अर्धा भरलेला आणि दुसरा पूर्ण रिकामा असेल तर? रिकामा भरेपर्यंत अर्धा भरलेला उकडत राहतो. पुढच्या खेपेला दोघांमधला फरक आणखी वाढतो. जोडीतला एक सेल कायम आधी का बसतो, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

काही चार्जरमध्ये टायमर असतो, आठ किंवा दहा तासांनी ते बंद होतात. बिनटायमरच्या चार्जरपेक्षा हे बरे. पण आपल्याकडे वीज जाते. वीज गेली आणि आली की साध्या टायमरचं मोजणं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. सहा तास झाले असताना पाच मिनिटं दिवे गेले, तर चार्जर पुढचे पूर्ण आठ तास पुन्हा चालतो. खोक्यावरच्या सूचना छापणाऱ्याच्या मनात लोडशेडिंग नसतं.

चार्जर बदलताना काय बघायचं? प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा किंवा पडद्यावर वेगळा आकडा हवा. एकच सेल लावला तरी तो चालला पाहिजे. आणि सेल भरला की त्याने आपण होऊन थांबायला हवं. सेल भरला की त्याचे व्होल्ट वाढायचे थांबून अगदी किंचित, म्हणजे सेलमागे पाच-दहा मिलिव्होल्ट, घसरतात. चांगला चार्जर ही घसरण पकडतो. ती चुकलीच तर तापमान आणि टायमर हे आणखी दोन पहारेकरी असतात. दुकानदाराला हे सगळं विचारत बसू नका, ‘एकेक सेल वेगळा चार्ज होतो का’ एवढंच विचारा. तो होत असेल तर बाकीचं सहसा असतंच.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. हळू चार्ज केलेलं चांगलं, असं सगळे सांगतात. साध्या चार्जरपुरतं ते खरं आहे, कारण तो थांबतच नाही, मग निदान हळू तरी तापवू दे. पण आपण होऊन थांबणाऱ्या चार्जरला फार मंद करंट सोसत नाही. करंट कमी असेल तर ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसतच नाही. २००० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप, ते सेलवर छापलेलं असतं) सेलला ५०० ते १००० मिलिअँपियर हा मधला वेग उत्तम, म्हणजे साधारण दोन ते साडेचार तास. बारीक पेन्सिल सेल, म्हणजे ट्रिपल ए, ८०० एमएएचच्या आसपास असतो. त्याला याच्या निम्म्याहून कमी पुरे. पाऊण तासात किंवा त्याहून लवकर भरणारे चार्जर मी घेत नाही. तेवढ्या वेगात सेल तापणारच, आणि आपण तेच तर टाळतो आहोत.

नवा चार्जर येईपर्यंत जुन्यावरच भागवायचं असेल तर हिशेब सोपा आहे. चार्जरच्या पाठीमागे आउटपुटचा करंट छापलेला असतो. सेलच्या एमएएचला त्या आकड्याने भागा आणि दीडने गुणा. सेल २००० चा आणि करंट २०० मिलिअँपियर असेल तर पंधरा तास. दीडने गुणायचं, कारण एवढ्या हळू चार्जिंगमध्ये बरीच वीज वाया जाते. पण हा हिशेब पूर्ण उतरलेल्या सेलचा आहे. अर्धवट उतरलेला असेल तर अंदाजाने कमी करा आणि मधून मधून हात लावून बघा. कोमट चालेल. बोटांना धरवत नसेल तर काढा, मग तास किती का झालेले असेनात.

आता पूर्ण उतरवून चार्ज करण्याबद्दल. हा सल्ला आला निकेल-कॅडमियमच्या सेलवरून. त्या जातीचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये लावला, आणि जुने कॉर्डलेस फोन, दाढीची यंत्रं, चार्जिंगच्या टॉर्च यांत तेच सेल असायचे. उपग्रहांमधल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या रोज अगदी ठरावीक प्रमाणात उतरायच्या आणि पुन्हा भरायच्या. त्यांना तेवढ्याच कामाची ‘सवय’ लागल्यासारखं दिसलं आणि मेमरीची, म्हणजे सेल अर्धवट वापर लक्षात ठेवतो आणि पुढे तेवढंच काम देतो ही, गोष्ट जगभर पसरली. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल १९९० च्या सुमारास बाजारात आले. त्यांच्यात हा दोष नगण्य आहे, आणि थोडाफार दिसलाच तर दोन-तीनदा पूर्ण वापरून पूर्ण भरल्यावर जातो. त्यामुळे सेल अर्धा असतानाही खुशाल चार्ज करा. संध्याकाळी कार्यक्रम असेल तर आम्ही सगळे सेल दुपारीच भरून घेतो, आदल्या दिवशी कितीही वापरलेले असोत.

उलट पूर्ण उतरवणं हेच धोक्याचं आहे. तुमच्या गाडीत चार सेल एकामागे एक आहेत. चौघांची ताकद कधीच अगदी सारखी नसते. सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो, पण उरलेले तिघे त्याच्यातूनच करंट ढकलत राहतात आणि त्या सेलची टोकं उलटी होतात, धन जागी ऋण. एकदा असं झालं की सेलला इजा होते, परत परत झालं की तो गेलाच. ‘गाडी हलते आहे तोवर खेळू दे’ आणि ‘रात्री स्विच बंद करायचा राहिला’ ही सेल मारायची दोन हमखास साधनं आहेत. गाडी मंदावली की खेळ थांबवायचा आणि सेल बाहेर काढायचे, एवढी शिस्त मुलाला लागली तर अर्धं काम झालं. (लागत नाही हे मलाही माहीत आहे. मग रात्री तुम्हीच काढा.)

याच कारणाने जुने-नवे सेल एकत्र घालू नका. कंपन्याही मिसळू नका. आमच्याकडे प्रत्येक सेलवर पक्क्या शाईच्या मार्करने विकत घेतल्याचा महिना, वर्ष आणि संचाचं अक्षर लिहिलेलं असतं. क संचातले सेल एकत्रच वापरले जातात, एकत्रच भरले जातात. घरात आठ सेल असले तरी हे करून बघा. तीन मिनिटांचं काम आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या सेलच्या चार्जिंगची वरची मर्यादाही साधारण तेवढीच असते. गरम सेल वीज नीट घेत नाही, आणि भरल्याची ती बारीक खूणही उन्हाळ्यात पुसट होते. तिकडे चार्जिंग पहाटे किंवा रात्री, पंख्याखाली करावं. फ्रिजच्या डोक्यावर चार्जर ठेवायची पद्धत मी बऱ्याच घरांत बघतो, तिथे जागाच गरम असते. गाडीतून किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधून काढलेला गरम सेल लगेच चार्जरमध्ये घालू नका, अर्धा तास निवू द्या. कोकणात अडचण वेगळी. दमट हवेने आणि खाऱ्या वाऱ्याने सेलच्या टोकांवर आणि चार्जरच्या पट्ट्यांवर पातळ थर बसतो. पेन्सिलीच्या खोडरबराने टोकं घासली की संपर्क पुन्हा चांगला होतो. सेल मेला म्हणून टाकण्याआधी हे एकदा करून बघाच.

सेल विकत घेताना लोक मोठा आकडा बघतात. तिथे थोडं थांबा. डबल ए, म्हणजे नेहमीच्या पेन्सिल सेलच्या, आकारात या जातीच्या सेलमध्ये फार तर २७००-२८०० एमएएच मावतात. सेलवर ३५०० किंवा ४६०० छापलेलं असेल तर ती निव्वळ थाप आहे. वजन करून बघा. अस्सल सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर २६ ते ३१ ग्रॅम भरतो. पंधरा-सोळा ग्रॅमचा भरला तर आत काय असेल ते समजून घ्या. आणि खरा असला तरी मोठा आकडा फुकट मिळत नाही. त्याच जागेत जास्त माल कोंबायचा तर पट्ट्यांमधले थर पातळ करावे लागतात आणि सेलचं आयुष्य घटतं. एनेलूप नावाच्या जपानी सेलपैकी साध्या २००० एमएएचच्या सेलसाठी कंपनी बराच काळ २१०० वेळा चार्ज करता येईल असा दावा करत होती. त्याच घराण्यातल्या २५०० च्या ‘प्रो’ सेलसाठी हाच आकडा ५०० होता. दोन्ही प्रयोगशाळेतले आकडे, घरात तेवढे मिळणार नाहीत, पण दोघांमधला फरक बोलका आहे. माइकसाठी मी २००० चेच घेतो.

एनेलूपचा विषय निघालाच आहे तर तो नीट संपवू. जुन्या पद्धतीच्या सेलचा मोठा दोष म्हणजे ते नुसते खणात पडून उतरतात. पहिल्या दिवसातच बरीच वीज जाते, महिन्याभरात पाव किंवा जास्त. उकाड्यात आणखी लवकर. दिवाळीत भरून ठेवलेला सेल संक्रांतीला रिकामा, म्हणून लोक वैतागून साध्या सेलकडे परत जायचे. जपानच्या सान्यो कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये एनेलूप आणला तो हा दोष कमी करून. सान्यो पुढे पॅनासॉनिककडे गेली आणि आता तो त्यांच्या नावाने मिळतो. आज इतर कंपन्याही असे सेल करतात. पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं लिहिलेलं असेल तर तो या प्रकारचा समजावा. असा सेल वर्षभर पडून राहिला तरी बराचसा भरलेला असतो. घरासाठी दुसरा प्रकार घ्यायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

हल्ली यूएसबीची वायर थेट सेललाच लावायची, असे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही आले आहेत. आत छोटा लिथियम सेल आणि व्होल्ट उतरवणारं सर्किट असतं. शेवटपर्यंत बरोबर १.५ व्होल्ट मिळतात ही त्यांची खरी जमेची बाजू. १.२ व्होल्टवर कुरकुरणाऱ्या यंत्रांना ते चालतात. पण ते उतरताना आधी काही कळत नाही, एकदम बंद. माइकमध्ये मी ते याच कारणाने घालत नाही. शिवाय आतल्या सर्किटमुळे रेडिओत खरखर येऊ शकते. त्यांच्यावर बहुधा एमएएचऐवजी एमडब्ल्यूएच (एमएएच गुणिले व्होल्ट) छापतात, त्यामुळे ३६०० बघून हुरळून जाऊ नका. २००० एमएएचचा साधा चार्जिंगचा सेल त्या मापात २४०० होतो. आणि हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये कधीही, चुकूनही घालायचे नाहीत. लिथियमला चुकीचं चार्जिंग म्हणजे आगीशी खेळ. घरात दोन्ही प्रकार असतील तर डबेच वेगळे ठेवा.

कशात कोणता सेल घालायचा यावर माझं मत ठाम आहे. खेळणी, फ्लॅश, माइक, गेमचं कंट्रोलर, वायरलेस माउस, रोज लागणारी टॉर्च: चार्जिंगचे. भिंतीवरचं घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट: साधा स्वस्त सेल वर्षभर चालतो, तिथे चार्जिंगचा सेल अडकवून ठेवण्यात हशील नाही, फक्त वर्षाने तो बदला म्हणजे गळणार नाही. रक्तदाबाच्या यंत्राचं पुस्तक वाचा. त्यात अल्कलाइन सांगितले असतील तर तेच घाला, कारण १.२ व्होल्टच्या सेलवर बॅटरी कमी असल्याची खूण वेळेआधी दिसायला लागते. गॅस गिझरमध्ये दोन मोठे सेल असतात, त्यात चार्जिंगचे घालू का असंही विचारतात. नको. ते सर्किट तीन व्होल्टचं, तुमचे सेल मिळून २.४ देणार. ठिणगी आणि गॅसची झडप यांच्याशी काटकसरीचे प्रयोग करू नयेत.

साधे किंवा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालून ‘थोडे तरी भरतात’ म्हणणारे लोक भेटतात. ते गळतात. अल्कलाइन सेलमधून येणारा पांढरा क्षार पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असतो, हाताची कातडी भाजते. खेळण्यात तो सांडलाच तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरडं करा.

आणखी एक गोंधळ टाळायला हवा. मोबाइल, इन्व्हर्टर आणि पेन्सिल सेल या तिघांचे नियम वेगळे आहेत आणि लोक एकाचा दुसऱ्याला लावतात. मोबाइलच्या लिथियम बॅटरीला सतत शंभर टक्क्यांवर राहणं आवडत नाही, ऐंशीपर्यंत भरणं ठीक. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला उतरलेलं राहणं सोसत नाही, पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो, म्हणून ती कायम भरलेली हवी आणि पाणी डिस्टिल्डच हवं. निकेलचा पेन्सिल सेल या बाबतीत सोशिक. अर्धा ठेवा, पूर्ण भरून ठेवा, त्याला फरक पडत नाही. फक्त भरल्यानंतर तापवू नका आणि शून्यावर आणू नका. बरेच दिवस वापर नसेल तर यंत्रातून काढून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, सहा महिने ते वर्षाने एकदा भरून घ्या. खिशात किल्ल्या आणि चिल्लर यांच्यासोबत सुटे टाकू नका, दोन्ही टोकं जोडली गेली तर सेल चांगलाच तापतो. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. बाहेर काढल्यावर दव धरतं, तो त्रास वेगळाच.

तर तुमच्या चार सेलचं आता काय? शक्य असेल तर सेलची क्षमता मोजून दाखवणारा चार्जर घ्या. तो सेल भरतो, उतरवतो, पुन्हा भरतो आणि किती एमएएच निघाले ते सांगतो. छापील आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या वर जो असेल तो गाडीत. चाळीस ते सत्तरमधले माउसमध्ये. त्याखालचे काढून टाका. मोजणारा चार्जर नसेल तर चारही पूर्ण भरा, एक दिवस तसेच ठेवा आणि मीटरने बघा. चांगला सेल दुसऱ्या दिवशी १.३ व्होल्टच्या वर असतो. त्याखाली घसरलेला सेल पडल्यापडल्या उतरतोय.

अगदी शून्यावर गेलेला सेल नवा चार्जर कदाचित घेणारच नाही, त्याचा दिवा भराभर लुकलुकेल. इथे मात्र तुमचा जुना चार्जर कामाला येतो. त्याला अक्कल नसल्यामुळे तो मेलेल्या सेललाही करंट देतो. निकेलचा सेल त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, थोडे व्होल्ट चढले की नव्या चार्जरमध्ये हलवा. दोनदा करूनही घेत नसेल तर सोडून द्या. लिथियमच्या सेलवर हा उपाय कधीही करायचा नाही.

सोडून द्यायचे सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात नकोत. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते यासाठीच. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत असे घरगुती छोटे सेलही येतात, आणि ते परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गावात ई-कचरा घेणारं केंद्र किंवा पेटी असेल तिथे द्या. तोवर टोकांवर चिकटपट्टी लावून बरणीत साठवा, आणि बरणी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, नाहीतर तेच सेल परत गाडीत जातील.